पांढरीतले चेहरे

आमच्या सोनईचा तालुका नेवासे. तेथे प्रवरेच्या काठी १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळियांनी केलेल्या उत्खननाच्या गोष्टी ऐकतच आमची पिढी वाढली. परंतु त्यात निघालेल्या वस्तू पाहावयाच्या तर पुण्याची वाट धरावी लागते. म्हणूनच, जुन्या वस्तू जेथल्या तेथेच राहिल्या आहेत असे एखादे संग्रहालय पाहून या, असे संपादकांनी कळविले तेव्हा धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मी निघालो तो थोड्याशा असूयेनेच.

तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक टिपणात ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले असून, तेथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांत लादून बिनवाटेच्या मुलखातून भडोच बंदरास जात असे. त्या नगराचे गावच्या पांढरीत विखुरलेले अवशेष रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविले. आजचे शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावाचे आहे. इतका इतिहास पुरे, कारण माझा सारा वेळ एका साच्याने खाल्ला.

तळहातावर मावेल एवढा तो भाजलेल्या मातीचा तुकडा. त्यात चेहरा, पण उलटा, म्हणजे नाकाच्या जागी खळगा आणि गालांच्या जागी दोन वाट्या. एक साचा पुढच्या अंगाचा, एक पाठीचा. दोहोंत शाडूसारख्या पांढऱ्या, बारीक मातीचा पातळ थर बोटांनी दाबावयाचा, कडा ओल्या करून सांधावयाच्या, आणि आतून पोकळ, म्हणूनच भाजताना न तडकणारी बाहुली बाहेर काढावयाची. एका फुटक्या बाहुलीच्या आतल्या अंगाला बोटांच्या दाबाचे खळगे स्पष्ट दिसतात. बाहेरचे मुरडलेले केस आणि कानातली भूषणे हे साच्याचे कर्तृत्व. आतले खळगे मात्र कोणा एका कारागिराचे. मी बाजूला सरलो तो साच्यातला खोलगट चेहराही माझ्याबरोबर वळल्यासारखा भासला. "सगळ्यांना तसंच वाटतं, साहेब," शेजारी उभा असलेला पहारेकरी म्हणाला, "पोरं तर तिथून हलत नाहीत." संत गोरोबा कुंभारांचे गाव हेच, हे त्याने मला दोनदा सांगितले, आणि दोन्ही वेळा मला ते नव्याने आवडले.

परंतु असूया ओसरू लागली ती येथेच. नेवाशास एका मुलाच्या दफनात गळ्यातले तांब्याचे मणी मिळाले. ते रेशीम आणि कापूस यांच्या धाग्यात ओवलेले होते, आणि ते कोणत्या थरातले, त्याच्या वर काय नि खाली काय, याची नोंद असल्यामुळेच त्या चिमूटभर धाग्याला साडेतीन हजार वर्षांचे वय लाभले. तेरलाही पुढे शास्त्रशुद्ध उत्खनने झाली; पण नांगराच्या फाळाला लागलेली किंवा पावसाने उघडी पाडलेली वस्तू थराचा दस्तऐवज बरोबर घेऊन येत नाही. येथली प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्तीच घ्या. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ साली पाँपेईत सापडली, आणि ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले असल्यामुळे तिची अलीकडची मर्यादा ठरली. तेरच्या मूर्तीचा काळ सांगावयाचा तर जबानी इटलीतल्या राखेची घ्यावी लागते!

आणि तरीही लामतुऱ्यांना दोष देण्यास जीभ रेटत नाही. पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेण्याची चाल आपल्याकडे जुनी. त्या मातीबरोबर किती चेहरे काळ्या रानात मिसळून गेले असतील, त्यांची फेरिस्त कोणत्या दफ्तरात मिळणार? आमच्याकडे थर राहिले आणि वस्तू पुण्यास गेल्या. यांच्याकडे वस्तू राहिल्या आणि थर गेले.

निघताना पहारेकऱ्याने विचारले, "तुमच्या नेवाशाचा तो धागा तुम्ही पाहिलाय का?"

मी पाहिला नव्हता.