दहीहंडी : साहस, संमती आणि जबाबदारी

श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्री कृष्णजन्म साजरा होतो आणि दुसऱ्या दिवशी गोपाळकाला. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड तालुक्यात, पिशोरसारख्या गावी, काल्याची जुनी ओळख आहे ती कीर्तनातून. हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने व्हावी, टाळमृदंगाच्या गजरात हंडी फुटावी आणि दही-लाह्यांचा प्रसाद साऱ्यांनी एका पंगतीत घ्यावा, ही मराठवाड्यातील गावोगावची रीत. ही हंडी हात पोचेल किंवा फार तर एकाच्या खांद्यावर दुसऱ्याला उभे राहावे लागेल एवढ्याच उंचीवर बांधलेली असते. ती फोडणाऱ्याला ‘तुझी संमती आहे काय?’ असे कोणी विचारीत नाही आणि तशी गरजही भासत नाही.

मुंबई-ठाण्याकडे मात्र या काल्याचे रूप पार पालटले. जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने 2012 मध्ये ठाणे येथे नऊ थर रचून 13.34 मीटर उंची गाठली आणि त्या विक्रमाची गिनीज बुकात नोंद झाली. 2025 मध्ये तर दहा थरांची सलामी दिली गेली. मोठ्या हंड्यांचे हे आकर्षण आता छत्रपती संभाजीनगर शहरातील गुलमंडीसारख्या चौकांपर्यंत आणि तेथून तालुक्यांच्या गावांपर्यंत पोचले आहे. त्याबरोबरच एक प्रश्नही खेड्यापाड्यांत येऊन ठेपला आहे. एखादा तरुण स्वखुशीने हातपाय मोडण्याचा, प्रसंगी प्राणांचाही धोका पत्करीत असेल, तर त्याला तसे करू द्यावे काय?

उंचीचे गणित

धोका म्हणजे नेमके काय, हे आधी पाहणे इष्ट ठरेल. 20 फुटांवरून पडणारा मनुष्य जमिनीवर आदळताना ताशी सुमारे 39 किलोमीटर वेगाने येतो. 40 फुटांवरून पडला तर हाच वेग 56 किलोमीटरच्या आसपास जातो. वेग दुप्पट होत नाही हे खरे, परंतु आघाताची ऊर्जा उंचीच्या प्रमाणात वाढत असल्याने ती मात्र दुप्पट होते. मान, मणका व मस्तक यांना होणाऱ्या इजा बहुधा अशाच पडण्यातून संभवतात. शिवाय पडणारा एकटा नसतो. वरच्या थरांत एकेकच गोविंदा उभा असतो, त्यांना पथकांच्या भाषेत ‘एक्के’ म्हणतात. एक्का ढळला की त्याचा भार खालच्यांच्या मानेवर, पाठीवर येतो. पायातला गोविंदा कितीही सावध असला तरी वरच्याच्या चुकीपासून त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. क्रिकेट किंवा कुस्ती यांहून हा खेळ वेगळा ठरतो तो येथेच.

कायदा काय म्हणतो

खेळात झालेल्या इजेबद्दल प्रतिस्पर्ध्याला गुन्हेगार धरले जात नाही, याचा आधार संमती हा आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम 87 मध्ये असलेले हे तत्त्व 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 25 मध्ये कायम राहिले आहे. कायद्याने दिलेले उदाहरणही खेळाचेच आहे. दोघे जण मनोरंजनासाठी तलवारबाजी खेळण्याचे ठरवतात. न्याय्य रीतीने खेळताना एकाकडून दुसऱ्याला इजा झाली तर तो अपराध होत नाही. परंतु या सवलतीला मर्यादा आहेत. संमती देणारा 18 वर्षांवरील असावा लागतो आणि कृती अशी असू नये की जिच्यामुळे मृत्यू किंवा जबर दुखापत घडण्याचा संभव आहे हे करणाऱ्याला ठाऊक आहे. म्हणजे ‘तो स्वतःहून चढला’ एवढ्या उत्तराने विषय संपत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2014 मध्ये 18 वर्षांखालील गोविंदांना मनाई केली आणि उंचीला 20 फुटांची मर्यादा घातली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने उंचीच्या बंधनाला तात्पुरती स्थगिती दिली. 2016 च्या उत्सवात मात्र दोन्ही बंधने लागू राहिली. पुढे प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयापुढे आले. 14 वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ दिले जाणार नाही, हे राज्य शासनाचे म्हणणे न्यायालयाने ऑगस्ट 2017 मध्ये स्वीकारले. थरांची उंची ठरवणे हा विधिमंडळाच्या अखत्यारीतील विषय असल्याने त्यावर निर्बंध घालण्यास नकार दिला. यातून एक विलक्षण स्थिती निर्माण झाली आहे. 15 वर्षांचा मुलगा थरावर चढू शकतो. परंतु दंडविधान ज्या संमतीला संमती म्हणते ती देण्याचे त्याचे वय झालेले नसते. आणि सर्वांत वर जाण्यासाठी वजनाने हलका मुलगाच हवा असतो! ऑगस्ट 2025 मध्ये दहिसर येथे सरावाच्या वेळी पडून मृत्यू पावलेला मुलगा अवघा अकरा वर्षांचा होता.

हंडी कोण बांधतो

सज्ञान तरुणाची गोष्ट निराळी आहे. गुरुपौर्णिमेपासून रात्री उशिरापर्यंत सराव करणारा, आपला पाया व आपले खांदे ओळखणारा गोविंदा अजाण नसतो. गिर्यारोहकाला डोंगर आणि मल्लाला फड नाकारला जात नाही, तर यालाच थर का नाकारावा, हा त्याचा सवाल रास्त आहे. भारतीय कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांना 1962 मध्ये बार्बाडोस येथे चेंडू लागून मस्तकाला जबर इजा झाली आणि त्यानंतर त्यांना कसोटी सामना खेळता आला नाही. म्हणून क्रिकेट बंद झाले नाही. कालांतराने फलंदाजाच्या डोक्यावर शिरस्त्राण आले.

मात्र संमती खरी ठरण्यासाठी नकार देणे शक्य असले पाहिजे. थरागणिक बक्षीस लाखांनी वाढते, ध्वनिक्षेपकावरून आणखी एका थराचे आव्हान दिले जाते, चौकात हजारो डोळे लागलेले असतात आणि पथक दिवसभरात अनेक हंड्या करून थकलेले असते. अशा वेळी ‘आज नको’ म्हणणाऱ्याला मित्रांत मान खाली घालावी लागते. हंडी किती उंच बांधायची हे दोर ओढणारा आयोजक ठरवतो. तो स्वतः थरावर नसतो. धोका एकाचा आणि लौकिक दुसऱ्याचा, अशी ही वाटणी असल्याने जबाबदारीचा पहिला हिशेब त्याच्याकडेच मागावयास हवा.

शासनाने 2022 मध्ये दहीहंडीचा समावेश साहसी खेळात करण्याचे जाहीर केले. गोविंदाचा मृत्यू झाल्यास 10 लाख, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गमावल्यास साडेसात लाख, एक अवयव गमावल्यास 5 लाख रुपयांच्या साहाय्याची घोषणा झाली. 2023 मध्ये 50 हजार गोविंदांना विमा संरक्षण मिळाले. 2025 मध्ये ही संख्या दीड लाखांवर नेण्यात आली. कर्त्या मुलावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला हा आधार मोलाचा आहे. तथापि विमा पडल्यानंतर कामास येतो; पडणे तो टाळीत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली तर विम्याचा कागदच चढण्याचा परवाना समजला जाण्याची भीती असते.

स्पेनच्या कातालोनिया प्रांतातही असेच मानवी मनोरे रचले जातात आणि युनेस्कोने 2010 मध्ये त्यांना अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले. तेथेही शेंड्यावर लहान मूलच चढते. 2006 मध्ये एका बालिकेचा मृत्यू झाल्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर हलके शिरस्त्राण आले. पायाभोवती शेकडो माणसे दाटीने उभी राहतात. पडणारा त्यांच्यावर पडतो. मनोरा रचण्याइतकेच तो सुखरूप उतरवणे तेथे महत्त्वाचे मानतात व त्याची गणना यशात होते. आपल्याकडे हंडी फुटताच थर कोसळले तरी जल्लोषच होतो.

पिशोरच्या तरुणांनी उद्या सहा थरांचे पथक उभे करायचे ठरवले, तर त्यांना मुंबईतील पथकाइतकाच धोका पत्करावा लागेल असे मानणे चुकीचे होईल. मुंबईत मोठे रुग्णालय काही मिनिटांच्या अंतरावर असते. येथे 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आली तरी मणक्याच्या इजेसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी घाटी रुग्णालयापर्यंतचा रस्ता कापावा लागतो आणि मान दुखावलेल्या माणसाला घाईने उचलून जीपमध्ये घातले तर त्या उचलण्यानेच इजा वाढू शकते. म्हणून चढायचे की नाही हे ठरवण्यापूर्वी गावाने काही गोष्टी विचारून घ्याव्यात : खाली गाद्या आहेत काय, पाठीचा तक्ता व तो वापरता येणारा माणूस आहे काय, वरच्याच्या जन्मतारखेचा दाखला कोणी पाहिला काय, आणि आयोजकाने हंडी खाली घ्यायला नकार दिला तर पथकाला परत नेण्याचा अधिकार कोणाकडे आहे.