हिवाळ्यातील अभ्रिका व तारकागुच्छ

आंतरतारकीय वायू व धूळ यांच्या मेघास अभ्रिका म्हणतात. एकाच मेघातून जन्मलेल्या व गुरुत्वाकर्षणाने परस्परांशी निगडित असलेल्या ताऱ्यांच्या समूहास तारकागुच्छ असे नाव आहे. हिवाळ्यातील रात्री, विशेषतः डिसेंबर ते मार्च या काळात, मृग, वृषभ, सारथी, मिथुन, बृहल्लुब्धक व कर्क या तारकासमूहांत अशा वस्तू मोठ्या संख्येने आढळतात. त्यांपैकी पुष्कळशा ८ ते २० सेंमी. व्यासाच्या दूरदर्शकातून घराच्या गच्चीवरून वा अंगणातून पाहता येतात. प्रकाशचित्रांत दिसणारे भडक रंग दूरदर्शकातून दिसत नाहीत, त्यामुळे नवख्या निरीक्षकाची प्रथम निराशा होते. तथापि ताऱ्याचा जन्म, तारुण्य, वार्धक्य व अंत या चारही अवस्थांची उदाहरणे एकाच रात्री प्रत्यक्ष पाहण्याची संधी हिवाळी आकाशात मिळते.

हिवाळी आकाशाचे वैशिष्ट्य : आकाशगंगेचे केंद्र धनू राशीच्या दिशेस आहे. हिवाळ्यात रात्रीच्या वेळी पृथ्वीचा अंधारा भाग याच्या विरुद्ध दिशेस, म्हणजे आकाशगंगेच्या बाह्य कडेकडे असतो. त्यामुळे या ऋतूतील आकाशगंगेचा पट्टा फिकट दिसतो; परंतु सूर्यानजीकच्या सर्पिल फाट्यातील तारकानिर्मितीची क्षेत्रे तुलनेने जवळ असल्याने ठळकपणे दिसतात. महाराष्ट्रातील निरीक्षकास हा काळ आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. धनू व वृश्चिक राशींतील समृद्ध भाग रात्रीच्या पूर्वार्धात मध्यमंडलावर येतो, तेव्हा पावसाळी ढगांनी आकाश झाकलेले असते; याउलट मृग व वृषभ यांचा काळ कोरड्या व निरभ्र रात्रींचा असतो. शिवाय १९° उत्तर अक्षांशावर मृगातील अभ्रिका क्षितिजापासून सु. ६५° उंचीवर मध्यमंडल ओलांडते. यूरोपातील निरीक्षकास ती एवढ्या उंचीवर कधीच दिसत नाही.

साधन : अशा निरीक्षणास दूरदर्शकाचे विवर्धन दुय्यम असून त्याचा व्यास महत्त्वाचा असतो. काळोखात डोळ्याची बाहुली सु. ७ मिमी. रुंद होते, १५ सेंमी. व्यासाचा आरसा तिच्या सु. ४५० पट प्रकाश गोळा करतो. त्यामुळे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे असंख्य तारे दिसू लागतात. अभ्रिकेची गोष्ट मात्र निराळी आहे. तारा हा बिंदुरूप असतो, तर अभ्रिका पसरट असते आणि पसरट वस्तूच्या पृष्ठाची तेजस्विता कोणत्याही दूरदर्शकाने नुसत्या डोळ्यांना असते त्याहून वाढत नाही. केवळ तिचा आकार वाढतो व त्यामुळे ती डोळ्यास अधिक सहजपणे जाणवते. अभ्रिका दिसेल की नाही हे म्हणूनच अखेर तिच्यामागील आकाश किती काळे आहे यावर ठरते. १२० सेंमी. केंद्रांतराच्या परावर्ती दूरदर्शकास २५ मिमी. केंद्रांतराची नेत्रिका जोडल्यास ४८ पट विवर्धन मिळते व ते बहुतेक गुच्छांस पुरेसे होते. कृत्तिकांसारख्या विस्तीर्ण गुच्छांसाठी साधी द्विनेत्री अधिक सोयीची असते.

पाहण्याची रीत : डोळा काळोखास पूर्णपणे सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात व पांढऱ्या प्रकाशाच्या एका झोताने हा सराव नाहीसा होतो. म्हणून नकाशा पाहण्यासाठी मंद तांबडा दिवा वापरतात. दृष्टिपटलाच्या मध्यभागी रंग ओळखणाऱ्या शंकुकोशिका दाटीने असतात. मंद प्रकाशास संवेदनशील असणाऱ्या दंडकोशिका मात्र त्याच्या सभोवार असतात. यामुळे अंधूक वस्तूकडे सरळ न पाहता किंचित बाजूस नजर ठेवल्यास ती अधिक स्पष्ट दिसते. यास तिरकस दृष्टीची पद्धत म्हणतात. नळीस बोटाने हळूच टिचकी मारल्यास प्रतिमा हलते व हलणारा फिकट ठिपका डोळ्यास लवकर जाणवतो. जे दिसले त्याचे पेन्सिलीने रेखाटन करणे हा निरीक्षणशक्ती वाढविण्याचा उत्तम उपाय होय. अमावास्येच्या आसपासच्या आठ-दहा रात्री या कामास योग्य असतात.

मृगातील अभ्रिका : जानेवारीच्या मध्यास रात्री साडेदहाच्या सुमारास मृग नक्षत्र मध्यमंडलावर असते. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस फिकट ताऱ्यांची एक उभी ओळ दिसते. तिच्यातील मधला तारा नुसत्या डोळ्यांनाही धूसर भासतो. हीच मृगातील मोठी अभ्रिका (एम् ४२) होय. १६१० मध्ये फ्रान्समधील पेरेस्क यांनी ती दूरदर्शकातून प्रथम पाहिली. क्रिस्तीआन हायगेन्झ यांनी १६५६ मध्ये ती स्वतंत्रपणे पाहून तिचे रेखाटन १६५९ मध्ये प्रसिद्ध केले. गॅलिलीओ यांनी मृगाच्या या भागाचा तारकानकाशा १६१० मध्ये छापला होता. परंतु त्यात अभ्रिकेचा उल्लेख नाही. अभ्रिकेचे पहिले प्रकाशचित्रही याच वस्तूचे असून ते हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी घेतले.

नेत्रिकेतून प्रथम डोळ्यांत भरतात ते मध्यभागी समलंब चौकोनाच्या आकारात असलेले चार तारे. त्यांच्याभोवती पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा प्रकाशाचा पडदा असून एका बाजूने त्यात काळी खाच घुसलेली दिसते. ही खाच म्हणजे रिकामी जागा नसून पुढे आलेला धुळीचा मेघ आहे. तिच्या पलीकडील लहानसा प्रकाशमान तुकडा एम् ४३ या नावाने ओळखला जातो. चौघांपैकी सर्वांत तेजस्वी ताऱ्याच्या पृष्ठाचे तापमान सु. ४०,००० के. आहे व मुख्यतः त्याच्याच जंबुपार प्रारणामुळे सभोवारच्या वायूचे आयनीभवन होऊन तो प्रकाशतो. अभ्रिका सु. १,३५० प्रकाशवर्षे अंतरावर आहे. तिच्यातील तारे केवळ दहा-वीस लाख वर्षांचे असून तेथे ताऱ्यांची निर्मिती अद्याप चालू आहे.

सावध निरीक्षकास हा प्रकाश किंचित हिरवट वाटतो. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनाच्या ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या रेषांचा तो परिणाम आहे आणि दंडकोशिकांची संवेदनशीलताही याच तरंगलांबीच्या जवळ सर्वाधिक असते. या रेषा पृथ्वीवरील प्रयोगशाळांत आढळत नसल्याने ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले होते. १९२७ मध्ये आयरा बोएन यांनी त्यांचे खरे कारण दाखवून दिले. प्रकाशचित्रांतील तांबडा रंग हायड्रोजनाचा असतो. मंद प्रकाशात डोळा त्यास जवळजवळ आंधळा असतो.

तरुण गुच्छ : कृत्तिका (एम् ४५) हा सु. ४४० प्रकाशवर्षे अंतरावरील गुच्छ सु. १० ते १२.५ कोटी वर्षांचा आहे. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, तर द्विनेत्रीतून कित्येक निळसर तारे नजरेत येतात. अतिशय काळोख्या आकाशात त्यांतील एका ताऱ्याभोवती धुक्यासारखी झाक दिसते. ही परावर्तन अभ्रिका असून ती स्वतः प्रकाशत नाही. तिच्यातील धूळ ताऱ्यांचाच प्रकाश परावर्तित करते, असे व्ही. एम्. स्लायफर यांनी १९१२ मध्ये वर्णपटावरून दाखविले. ही धूळ गुच्छाच्या जन्मावेळची नसून गुच्छ सध्या ज्या मेघातून जात आहे त्याची आहे, असे आता मानले जाते.

सारथी समूहात एम् ३६, एम् ३७ व एम् ३८ हे तीन गुच्छ एकामागून एक पाहता येतात. यांपैकी एम् ३७ सर्वांत दाट आहे. १५ सेंमी. दूरदर्शकात तो बारीक चूर्ण विखुरल्यासारखा दिसतो व त्याच्या मध्याजवळचा तांबूस तारा उठून दिसतो. व्याधाच्या दक्षिणेस ४° वर एम् ४१ असून तो शोधण्यास सर्वांत सोपा आहे.

गुच्छांचे वय : जास्त वस्तुमानाचे निळे तारे आपले इंधन झपाट्याने संपवितात व प्रथम नाहीसे होतात. म्हणून ज्या गुच्छात निळे तेजस्वी तारे आहेत तो तरुण व ज्यात ते नसून नारिंगी महातारे आहेत तो वृद्ध, असे स्थूलमानाने म्हणता येते. याचे एक सुंदर उदाहरण मिथुन राशीच्या पायाशी आहे. एम् ३५ हा गुच्छ सु. २,८०० प्रकाशवर्षे अंतरावर असून त्याचे तारे सुटे व ठळक दिसतात. त्याच्या शेजारीच, पाव अंशावर, एनजीसी २१५८ हा फिकट डाग दिसतो. तोही गुच्छच आहे. मात्र तो चौपटीहून अधिक दूर व सु. दोनशे कोटी वर्षे वयाचा आहे. पुष्य नक्षत्रातील एम् ४४ नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. तो चाळीसांहून अधिक ताऱ्यांचा समूह असल्याचे गॅलिलीओ यांनी १६१० मध्ये प्रसिद्ध केले. फेब्रुवारीत मध्यरात्रीपूर्वी तो मध्यमंडलावर येतो. त्याच्या दक्षिणेकडील एम् ६७ सु. चारशे कोटी वर्षांचा, म्हणजे जवळजवळ सूर्याच्या वयाचा आहे. बहुतेक विवृत गुच्छ त्याआधीच विखरून जातात. त्यामुळे त्याचे टिकून राहणे विशेष होय.

ताऱ्यांचा अंत : वृषभाच्या दक्षिणेकडील शिंगाचे टोक दर्शविणाऱ्या झीटा ताऱ्याजवळ, सु. एक अंशावर, एम् १ ही खेकडा अभ्रिका आहे. ४ जुलै १०५४ रोजी चिनी निरीक्षकांनी या जागी एक ‘पाहुणा तारा’ नोंदविला. तो २३ दिवस भरदिवसा दिसत होता. या अतिदीप्त नवताऱ्याचे अवशेष आज सु. ६,५०० प्रकाशवर्षे अंतरावरील अभ्रिकेच्या रूपाने पसरत आहेत. तिच्या मध्यातील न्यूट्रॉन तारा सेकंदास सु. ३० वेळा फिरतो. त्याची स्पंदने १९६८ मध्ये आढळली. लहान दूरदर्शकात ही अभ्रिका केवळ एक करडा लंबगोल डाग दिसते. ती पाहण्याचे मोल तिच्या रूपात नसून, आपण काय पाहत आहोत या जाणिवेत आहे.

सूर्यासारख्या ताऱ्यांचा अंत याहून शांतपणे होतो. वार्धक्यात ते आपली बाह्य आवरणे दूर सारतात व त्यांची बिंबाभ्रिका बनते. मिथुन राशीतील डेल्टा ताऱ्याच्या पूर्वेस सु. २.५° वर असलेली एनजीसी २३९२ ही विल्यम हर्शेल यांनी १७८७ मध्ये शोधलेली अभ्रिका याचे उदाहरण आहे. कमी विवर्धनात ती ताऱ्यासारखीच भासते. १०० पट किंवा अधिक विवर्धन वापरल्यास निळसर-हिरवी लहान तबकडी व तिच्या मध्यातील तारा स्पष्ट होतो.

काळोखाचा प्रश्न : वरील वस्तूंपैकी अनेकींचे ‘एम्’ क्रमांक शार्ल मेस्ये (१७३०–१८१७) यांच्या यादीतील आहेत. धूमकेतूंचा शोध घेताना फसविणाऱ्या धूसर वस्तूंची त्यांची यादी १७७४ पासून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाली. आजच्या हौशी निरीक्षकाच्या दूरदर्शकाहून सरस नसलेल्या साधनांनी त्यांनी हे काम केले आणि तेही पॅरिस शहराच्या ऐन मध्यभागातील एका मनोऱ्यावरून. आज मोठ्या शहरातून एम् ४२ व ठळक गुच्छ दिसतात. एम् १ मात्र बहुधा हरवते. गुच्छांतील तारे विवर्धन वाढविल्यास उजळलेल्या पार्श्वभूमीतून वेगळे काढता येतात, पण अभ्रिकेबाबत हा उपाय चालत नाही. विशिष्ट तरंगलांबीचाच प्रकाश जाऊ देणारे गाळक उत्सर्जन अभ्रिकांच्या व बिंबाभ्रिकांच्या बाबतीत साहाय्यक ठरतात. परावर्तन अभ्रिका व गुच्छ यांना त्यांचा उपयोग नाही. सोडियम दिव्यांच्या जागी सर्व तरंगलांबींचा पांढरा प्रकाश देणारे दिवे आल्यापासून गाळकांची उपयुक्तताही कमी झाली आहे.

हा दोष प्रकाशाचा नसून वर उधळल्या जाणाऱ्या प्रकाशाचा आहे. दिव्यांवर झाकण घालून प्रकाश जमिनीकडे वळविल्यास व अनावश्यक दिवे मालविल्यास आकाश पुन्हा काळे होऊ शकते. लडाखमधील हानले येथे २०२२ मध्ये काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र घोषित झाले. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास २०२४ च्या आरंभी ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. असा दर्जा मिळालेले ते भारतातील पहिले स्थळ होय. दूरदर्शक विकत घेता येतो, तर अभ्रिका पाहण्यास लागणारा काळोख सर्वांनी मिळून राखावा लागतो.