पांढरं, पण पळणारं

सकाळी 6. ऑक्टोबरचं ऊन चढायच्या आत बागेत शिरलेलं बरं. सांगोला तालुक्यातलं माळरान, भगवा डाळिंब, मृग बहार. फळं रंगावर आलीत. हातात भिंग, खिशात लाल रिबिनी. कीड दिसली की झाडाला रिबीन बांधायची. मी आधी खोडं बघतो. मुंग्यांची रांग वर चालली असेल, तर वर पिठ्या ढेकूण आहेच समजा. तो रस शोषून गोड चिकटा सोडतो. मुंग्या चिकटा खातात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. उरल्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. काळवंडलेलं फळ व्यापारी हातात घेऊनसुद्धा बघत नाही.

7.30. दोन फळं टेकतात ती फट आणि फळाचा मुकुट, पिठ्याच्या लपायच्या जागा याच. अंगावर मेण, त्यामुळे फवारा नीट भिडतच नाही. फांदीवर खवले कीडही आहे: तपकिरी, फुगीर, जागची न हलणारी. भिंगातून काही खवल्यांवर गोल भोक दिसतं. आतली कीड खाऊन परोपजीवी गांधीलमाशी तिथून बाहेर पडलेली असते. नावावर जाऊ नका, ही माशी मुंगीपेक्षाही बारीक. अशी भोकं भरपूर दिसली, तर त्या झाडाला मी रिबीन बांधत नाही.

9. "दादा, केवढा मोठा पिठ्या बघा!" बागेत कामाला आलेल्या मावशींनी चिरडायला अंगठा उचललेला.
"थांबा मावशी, आधी काडी लावा."
काडी लागताच ते पांढरं तुरुतुरु पळालं. पिठ्या असा पळत नाही. ही क्रिप्टोलेमस ढालकिड्याची अळी, अंगावर तसेच मेणाचे धागे, आणि खाते पिठ्यालाच. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा किडा 1898 मध्ये भारतात आणला तो कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी. तिथं फारसं जमलं नाही. पिठ्यावर मात्र त्यानं बस्तान बसवलं. फवाऱ्याच्या घाईत आपण पिठ्याबरोबर त्यालाही मारतो.

दुपारी ऊन. जेवण, हिशेब, डुलकी. सोलापुरात केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तरी आमच्याकडे आधी दुकानातली कीटकनाशकाची बाटली येते, सल्ला मागाहून.

4. खोडांना पट्टी गुंडाळून ग्रीस. डाळिंबाला एकाच बुडातून तीन-चार खोडं, शिवाय आधाराचे बांबू आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या. एक वाट उघडी राहिली तरी मुंग्या वर. म्हणून फांद्या छाटायच्या, बांबूंनाही ग्रीस. फार किडलेल्या काड्या बागेबाहेर नेऊन जाळायच्या.

5.30. ऊन उतरल्यावर विकत आणलेल्या क्रिप्टोलेमसचे डबे उघडले. तांबूस डोक्याचे काळे किडे, जेमतेम मुगाएवढे. शिफारस हेक्टरी 1500 प्रौढांची. आम्ही रिबिनीच्या झाडांवर जास्त सोडतो. आता या ओळींत कीटकनाशक बंद.

तुम्हीही किडे आणणार असाल, तर मुंग्यांचा बंदोबस्त आधी करा. उलटं केलंत, तर पैसे गेले.