प्रयोगशाळेतील शोध आपल्या कारखान्यात : परवाना करारावर सही करण्यापूर्वी हे वाचा

मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांमध्ये नवे शोध लागतात. मात्र प्रत्येक शोधाची वस्तू ती कंपनी स्वतः बनवतेच असे नाही. अशा वेळी कंपनी उत्पादकाशी करार करते व ठरावीक मोबदला घेऊन शोध वापरण्याची परवानगी देते. यालाच 'तंत्रज्ञान परवाना' म्हणतात. उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगांना ही चांगली संधी आहे. मात्र करार नीट न वाचल्यास नुकसानही होऊ शकते.

एक उदाहरण

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही मुख्यतः संगणक क्षेत्रातील कंपनी. तिच्या पुण्यातील संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेने पाणी गाळण्याची पद्धत विकसित झाली. पुढे टाटा केमिकल्सने त्यात चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची जोड दिली, तर यंत्रकामात टायटन कंपनीची मदत झाली. डिसेंबर २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' हे विजेशिवाय चालणारे जलशुद्धी यंत्र हजार रुपयांपेक्षा कमी किमतीत बाजारात आले.

येथे सर्व कंपन्या एकाच समूहातील होत्या. आपण बाहेरच्या कंपनीशी व्यवहार करतो, तेव्हा आपला आधार म्हणजे लेखी करार.

सरकारी प्रयोगशाळांतील शोध उद्योगांना परवान्याने देण्याचे काम १९५३ साली स्थापन झालेले राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ (नवी दिल्ली) करते.

करारात काय तपासावे?

१. पेटंट चालू आहे का? भारतात पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. नूतनीकरण शुल्क न भरल्यास ते आधीच संपते. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर हे विनामूल्य पाहता येते.

२. पैसे किती व केव्हा? साधारणपणे सुरुवातीला एकरकमी शुल्क आणि नंतर विक्रीवर रॉयल्टी असते. 'किमान रॉयल्टी' हे कलम विशेष लक्ष देऊन वाचावे. समजा, रॉयल्टी ३ टक्के आणि वार्षिक विक्री २० लाख रुपये आहे. तर देणे ६०,००० रुपये होते. पण किमान रॉयल्टी १ लाख लिहिली असेल, तर १ लाखच भरावे लागतील.

३. परवाना एकट्याला की अनेकांना? हाच परवाना शेजारच्या कारखान्यालाही मिळू शकतो का, हे स्पष्ट लिहून घ्यावे.

४. सुधारणा कोणाची? काम करताना आपल्या कारागिराने यंत्रात सुधारणा केली, तर तिचा हक्क कोणाकडे राहील, हे करारात असावे.

५. प्रशिक्षण कोण देणार? पेटंटच्या कागदावरून लगेच उत्पादन सुरू होत नाही. प्रशिक्षण, चाचणी व माल सदोष निघाल्यास जबाबदारी कोणाची, हे ठरवून घ्यावे.

कायदा काय सांगतो?

- पेटंट कायदा, १९७० नुसार पेटंटचा परवाना लेखीच असावा लागतो. तोंडी शब्दावर यंत्रसामग्री घेऊ नये.
- पेटंट असलेल्या वस्तूव्यतिरिक्त इतर माल आमच्याकडूनच घ्या, किंवा तुमच्या सुधारणेचे हक्क फक्त आम्हालाच द्या, अशा अटी सामान्यतः कलम १४० नुसार रद्दबातल ठरतात.
- पेटंट संपल्यावर तीन महिन्यांची सूचना देऊन परवानाधारकाला करार संपवता येतो (कलम १४१).

शोध आपलाच असेल तर?

कल्पना कंपनीला किंवा प्रदर्शनात दाखवण्याआधी पेटंट अर्ज करावा. आधी जाहीर झालेल्या गोष्टीला पेटंट मिळणे कठीण होते. काम अपुरे असल्यास तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करता येतो; पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो. व्यक्ती व लघुउद्योगांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे. चर्चेपूर्वी कंपनीशी गोपनीयतेचा करारही करावा.

शासनाची मदत

केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची 'एमएसएमई इनोव्हेटिव्ह' योजना मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्यात पुढील साहाय्याची तरतूद आहे :

- मान्यताप्राप्त यजमान संस्थेमार्फत कल्पना विकसित करण्यासाठी : प्रति कल्पना १५ लाख रुपयांपर्यंत
- भारतीय पेटंट : १ लाख रुपयांपर्यंत
- परदेशी पेटंट : ५ लाख रुपयांपर्यंत
- डिझाइन नोंदणी : १५,००० रुपयांपर्यंत
- ट्रेडमार्क : १०,००० रुपयांपर्यंत

पेटंट, डिझाइन व ट्रेडमार्कची रक्कम खर्चाची भरपाई म्हणून, नोंदणी मंजूर झाल्यावर मिळते. म्हणून सर्व पावत्या व उद्यम नोंदणी प्रमाणपत्र जपून ठेवावे. अर्जापूर्वी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर चालू मार्गदर्शक सूचना पाहाव्यात.

लक्षात ठेवा : करार इंग्रजीत असल्यास प्रत्येक कलमाचा अर्थ जाणकाराकडून आपल्या भाषेत समजून घ्यावा. शंका असल्यास जिल्हा उद्योग केंद्रात विचारणा करावी. समजल्याशिवाय सही करू नये आणि सही केलेली एक प्रत आपल्याकडे ठेवावी.