वऱ्हाडी उन्हाचे फोटो

छायाचित्रणाच्या शिबिरांत हल्ली एकच मंत्र घोकून घेतात: उगवतीचा तास, मावळतीचा तास, मधल्या वेळात कॅमेरा पिशवीत. वाशिम जिल्ह्यात हा मंत्र पाळला तर माणसांचा कामाचा अख्खा दिवसच फोटोतून गळतो. इथलं ऊन टाळण्याचं नाही, वाचण्याचं आहे.

वाशिम साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर. म्हणून 20 मेच्या आसपास सव्वाबाराला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि खांबाची सावली त्याच्याच पायाशी गडप होते. तेव्हा चेहरा टिपाल तर डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी उरतात. दिवाळीला मात्र भरदुपारचा सूर्यही दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून जेमतेम 55 अंशांवर. मातीच्या भिंतीचा पोत उठतो, सारवणावरचे बोटांचे फराटेसुद्धा दिसतात.

याच दिवसांत सोयाबीनची सुडी मोडून मळणी चालू असते. सूर्याकडे तोंड करून उभे राहा. यंत्रातून उडणारा धुरळा मागून पेटल्यासारखा दिसतो, आणि दुपट्ट्यानं तोंड बांधलेल्या माणसाचे डोळे काळे पडायला हवेत, ते पडत नाहीत. समोरच्या कुटाराच्या पिवळ्या ढिगावरून उजेड परतून खालून चेहऱ्यावर येतो. तोच माणूस दहा पावलं सरकून उघड्या काळ्या रानात गेला, की चेहरा विझतो. काळी माती उजेड पिऊन टाकते. शहरातले लोक यासाठी रिफ्लेक्टर विकत घेतात!

उजेडाशी या भागाचं नातं जुनं आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशिम. पाचव्या शतकात तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं करवलं. त्या अंधाऱ्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला चित्रकार रॉबर्ट गिल 1844 पासून वर्षानुवर्षं काढत बसला. त्यातल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मधल्या काळात त्यानं कॅमेरा हाती घेतला आणि अजिंठ्यासोबत वाशिमशेजारच्या लोणारची देवळंही टिपली. त्या काळच्या ओल्या काचा फार मंद. त्यांना प्रखर ऊन लागे, पण त्याच उन्हात काच वाळायच्या आत धुवून घ्यायची धांदल. पुढे 1991 मध्ये छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी फ्लॅश न मारता, अगदी मंद उजेडात लांब एक्स्पोजर देऊन अजिंठ्याची चित्रं टिपली. रंग त्या उजेडात होतेच. कॅमेऱ्याला थांबायची सवड हवी होती.

कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट वेगळी परीक्षा घेतो. काळी पाठ, पांढरं पोट, भोवती वाळकं गवत: मीटर हमखास चकतो. मी पोटाच्या पांढऱ्यावर एक्स्पोजर बांधतो. पाठ काळी राहिली तर राहू दे, काळवीटच आहे तो.

आणि भरदुपारचं ऊन हवंच असेल तर मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत जावं. बंजारा बायांच्या काचळी-ओढणीवरचे आरसे तेव्हाच खरे जागे होतात. त्यांचे कवडसे शेजारणीच्या गालावर, हनुवटीखाली, कडेवरच्या पोराच्या कपाळावर नाचतात. ढगाळ दिवशी यातलं काही मिळत नाही. मोबाइल मात्र आपल्या हुशारीनं सावल्या उजळून हे ठिपके फिके करून टाकतो. काही मोबाइलवर सेटिंगमध्ये जाऊन एचडीआर बंद करता येतो; नाही आला, तरी एक्स्पोजरची पट्टी बोटानं थोडी खाली ओढली की ठिपके परत दिसू लागतात.