पिकअप कॅम्परची बॅटरी बदलताय? आधी दार उघडून स्टिकर वाचा

अमेरिकेत पिकअपच्या हौद्यावर कॅम्पर चढवून भटकणाऱ्या मंडळींनो, ड्रिल हातात घ्यायच्या आधी ड्रायव्हरच्या दाराजवळचं स्टिकर बघा. माणसं आणि सामान मिळून गाडीला किती वजन पेलतं, ते तिथे छापलेलं असतं. कॅम्पर, पाणी, कुत्रा, सगळं त्यातच आलं. ७५ लिटरची टाकी भरली की ७५ किलो तिथेच गेले!

म्हणून माझं ठाम मत: पहिला खर्च लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीवर करा. १०० अँपिअर-अवरची ही बॅटरी साधारण ११-१२ किलोची. तेवढ्याच क्षमतेची लेड-ॲसिड दुपटीहून जड, आणि ती निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं.

फक्त थंडी सांभाळा. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास सेल कायमचे खराब होतात. त्यामुळे बॅटरी बाहेरच्या खोक्यात नको, आत बाकाखाली ठेवा. लो-टेंपरेचर कटऑफ असलेलीच घ्या. अल्टरनेटरवरून थेट वायर ओढू नका, तो तापतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. मुख्य फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभराच्या आत. वायर जाडच घ्या, तिथे काटकसर नको.

छताच्या पंख्याबद्दल पुढच्या पोस्टमध्ये लिहितो.