मारिओची वाट पाहणारा मेंदू

अर्धापूरच्या माणसाला वाट पाहणे नवीन नाही. केळीची लागवड केली की घड कापणीला यायला जवळपास वर्ष जाते, हळदीला आठ-नऊ महिने. पण ही वाट डोळ्यांसमोर सरत असते. पान फुटते, केळ निसवते, घड भरतो. आता याच गावातला पंचेचाळिशीचा एक गृहस्थ कल्पनेत आणा. लहानपणीच्या व्हिडिओ गेमची हुबेहूब छोटी आवृत्ती मिळावी म्हणून त्याने दीड वर्षापूर्वी एका परदेशी कंपनीकडे आगाऊ पैसे भरले आहेत. तारीख तीनदा पुढे गेली. रोज रात्री घर झोपल्यावर तो मोबाइलवर कंपनीचे पान उघडून बघतो. "अहो, आलं का तुमचं खेळणं?" या बायकोच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते. अशी माणसे दवाखान्यात येतात ती 'झोप लागत नाही', 'डोके जड राहते' एवढेच सांगत. व्हिडिओ गेमचे नाव काढत नाहीत, कारण या वयात त्याची लाज वाटते.

लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डो कंपनीने 'फॅमिकॉम' हे यंत्र विक्रीला आणले. आपल्याकडे ते 'समुराई' या नावाने आले. पण लहान गावांतल्या पोरांच्या हाती नव्वदच्या दशकात पडल्या त्या त्याच्या स्वस्त नकला. टीव्हीच्या मागे वायर जोडायची, मुंग्यांच्या गर्दीतून चित्र दिसेपर्यंत चॅनेल जुळवायचे, आणि मग मारिओ, कॉन्ट्रा, बदकांवर बंदूक चालवायचा तो खेळ. कार्ट्रिज हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता, ती 'कॅसेट'च. तिच्यावर '९९९९९९ इन १' असे छापलेले असे आणि आत मोजून थोडे खेळ पुन्हा पुन्हा नाव बदलून येत. जाहिरातीतल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, हा अनेकांचा पहिला धडा तो असावा. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका घरी यंत्र, आणि गल्लीतली दहा पोरे त्या घरी. आपली पाळी येता येता नेमकी लाइट जाणार.

ती पोरे आज चाळीस-पंचेचाळीसची आहेत, हातात थोडा पैसा आहे. काही जण जुन्या कॅसेटी जमवतात. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात, गावच्या भंगारवाल्याकडे शोधतात. परदेशात या हौसेची मोठी बाजारपेठ झाली आहे. जुलै २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४' या खेळाची सील न फोडलेली एक प्रत अमेरिकेत १५ लाख ६० हजार डॉलरला लिलावात गेली. आपल्याकडची कॅसेट खोक्यात राहिलीच कुठे? ती इतक्या हातांतून फिरली की वरचे चित्रही घासून गेले.

नेमकी त्याच वयातली वस्तू का हवीशी वाटते, याला स्मृतिशास्त्रात उत्तर आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात. आलेख काढला तर तिथे चक्क उंचवटा दिसतो. आवडती गाणी आणि सिनेमे विचारले तरी कल याच काळाकडे असतो. बहुतेक गोष्टी पहिल्यांदा घडतात त्या याच वयात, आणि पहिलेपणाचा ठसा खोल उमटतो.

या ओढीला वैद्यकाने मात्र सुरुवातीला आजार ठरवले होते. १६८८ मध्ये योहानेस होफर या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठात एक प्रबंध सादर केला आणि त्यात 'नोस्टाल्जिया' हा शब्द घडवला. ग्रीक भाषेतले 'घरी परतणे' आणि 'वेदना' हे दोन शब्द त्याने जोडले. परमुलुखात गेलेले स्विस लोक, विशेषतः भाडोत्री सैनिक, घराच्या आठवणीने खंगत, जेवण टाकत, त्यांना ताप भरे. पुढे एका स्विस शास्त्रज्ञाने याचे खापर हवेच्या दाबावर फोडले. उंच डोंगरातला माणूस सखल प्रदेशात आला की दाब वाढून रक्ताभिसरण बिघडते, असे त्याचे म्हणणे! मराठीने या बाबतीत जास्त शहाणपण दाखवले आहे. आपल्याकडे 'गतकातरता' आहे आणि 'स्मरणरंजन'ही आहे. एकात कळ, दुसऱ्यात करमणूक.

आजचे मानसशास्त्र दुसऱ्या शब्दाच्या बाजूने झुकते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातले टिम विल्डशुट आणि कॉन्स्टन्टाइन सेडिकिडिस यांनी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दोन गोष्टी ठळक दिसल्या. माणसे जेव्हा अशी आठवण सांगतात तेव्हा तीत जवळची माणसे जवळजवळ नेहमी असतात. वस्तू एकटी नसते. आणि अशा आठवणी बहुधा मन खिन्न असताना, एकटे वाटत असताना उसळतात. आठवण काढल्यावर मात्र आपण कुणाचे तरी आहोत ही भावना वाढते. ताप आल्यावर घाम येऊन अंग उतरावे तसा हा मनाचा स्वतःचा उपाय म्हणता येईल. दहा पोरांतली चार पुण्याला, दोन हैदराबादला गेली आहेत आणि मागे राहिलेल्या एकाला रात्री मारिओ आठवतो, यात औषध लागण्यासारखे काही नाही.

मग झोप कशाने उडते? आठवणीने नव्हे, वाट पाहण्याने. तीही खात्री नसलेली वाट.

मेंदूतले डोपामिन हे रसायन 'आनंदाचे' म्हणून ओळखले जाते, ते अर्धेच खरे. वोल्फ्राम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींची नोंद घेतली. फळाचा रस अनपेक्षितपणे मिळाला की या पेशी सळसळतात. रसाच्या आधी दरवेळी एक खूण दाखवत गेले, की काही दिवसांनी पेशी खुणेलाच दाद देतात, रसाला नाही. याच गटाने २००३ मध्ये पुढचा प्रश्न विचारला. खूण दिसल्यावर रस मिळेल याची खात्री नसेल तर काय होते? नक्की मिळणार किंवा नक्की नाही अशा दोन्ही टोकांना खूण आणि रस यांच्या मधल्या काळात पेशी शांत होत्या. शक्यता जितकी अर्ध्याजवळ, तितकी त्या मधल्या काळातली हालचाल जास्त. अगदी अर्धी-अर्धी शक्यता असताना ती सर्वाधिक होती. मटक्याचा आकडा लावून बसलेल्याला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

जुन्या खेळांची नवी यंत्रे याच अर्ध्या शक्यतेवर लटकत राहतात. निन्टेन्डोने नोव्हेंबर २०१६ मध्ये ३० खेळ भरलेले छोटे यंत्र ६० डॉलरला काढले. ते दुकानात येताच संपायचे, पुन्हा कधी येणार ते कळायचे नाही. एप्रिल २०१७ मध्ये उत्पादनच थांबवले आणि जून २०१८ मध्ये पुन्हा विक्री सुरू केली. त्यातल्या त्यात ते मिळाले तरी. अटारीच्या नव्या यंत्रासाठी २०१८ मध्ये लोकांनी सुमारे ३० लाख डॉलर आगाऊ दिले, २०१९ चा वायदा होता, यंत्रे हाती पडू लागली ती २०२० च्या अखेरीस. ब्रिटनमध्ये 'स्पेक्ट्रम वेगा प्लस' या हातात धरायच्या यंत्रासाठी २०१६ मध्ये पाच लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. दोन वर्षांनी थोड्यांना यंत्र मिळाले आणि कंपनी गुंडाळली गेली. इंटेलिव्हिजनचे 'अमिको' १० ऑक्टोबर २०२० रोजी येणार होते. मग एप्रिल २०२१, मग आणखी पुढे. २०२४ मध्ये इंटेलिव्हिजन हे नाव अटारीने विकत घेतले, त्या व्यवहारात अमिको नव्हते.

अशा योजनेत आगाऊ दिलेला पैसा ही खरेदी नसते, ती उसनवारीसारखी जोखीम असते. हे ज्याला ठाऊक आहे तोही रात्री पान उघडतोच. दरवेळी नवे काही नसते, पण कधीतरी एखादे छायाचित्र, एखादी नवी तारीख असते. केव्हा मिळेल हे न कळता अधूनमधून मिळणारे बक्षीस सवय सर्वांत घट्ट करते, हे मानसशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे.

अनिश्चिततेची दुसरी बाजू ताणाची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ४५ स्वयंसेवकांना संगणकावर एक खेळ दिला. दगडाखाली साप आहे की नाही ओळखायचे. साप निघाला तर हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटका बसणारच हे माहीत असताना घाम आणि डोळ्यांच्या बाहुलीचा विस्तार कमी, आणि बसेल की नाही हे अर्धे-अर्धे असताना सर्वाधिक. वाईट बातमीपेक्षा न कळलेली बातमी शरीराला जड जाते. आधीच रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाने झोपेच्या वेळी रोज हा दगड उचलून पाहू नये.

उपाय साधा आहे, पण ठरवून करावा लागतो. अनिश्चितता आपल्या बाजूने संपवायची. अमुक तारखेपर्यंत आले नाही तर पैसे परत मागायचे, नाही मिळाले तर बुडीत खात्यात. पान पाहायचे ते आठवड्यातून एकदा, दिवसा. आणि हाताशी जे जुने यंत्र आहे ते लावायचे, शक्यतो दुसऱ्या कुणासोबत. निन्टेन्डोच्या त्या छोट्या यंत्राच्या खोक्यात रिमोट एकच होता, दुसरा वेगळा विकत घ्यावा लागे. कॉन्ट्रा ज्याने दोघांत खेळला आहे त्याला या काटकसरीचे नवल वाटेल.

हौस आजारात कधी मोडते, हे घरच्यांनी ओळखायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू आहे, गेमिंगचा विकार आहे आणि वस्तू साठवण्याचा विकारही वेगळा नोंदलेला आहे. कपाटभर कॅसेटी म्हणजे विकार नव्हे. संग्रह करणारा निवडतो, मांडतो, दाखवतो, नको ते देऊन टाकतो. साठवणाऱ्याला काहीच टाकवत नाही आणि घरात वावरायची जागा जाते. खेळाच्या बाबतीत बघायचे ते तासांपेक्षा ताबा: ठरवून थांबता येते का, काम, जेवण, नाती मागे पडली आहेत का, नुकसान दिसत असूनही चालूच आहे का. साधारण वर्षभर असे चालले असेल तर बोलायला हवे. कर्जाचा हप्ता चुकवून आगाऊ नोंदणी केली असेल तर वर्षही थांबू नये. 'टेलि मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येते. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे.

शरीराच्या तक्रारी किरकोळ, पण जुन्याच आहेत. १९९० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ३५ वर्षांच्या एका महिलेची नोंद छापून आली. पाच तास सलग खेळून तिचा अंगठा इतका दुखला की डॉक्टरांनी त्याला 'निन्टेन्डिनायटिस' असे नाव ठेवले. विश्रांती हाच इलाज. कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय मात्र सोडावी. फुंकरीने कधीच काही साधले नाही. कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने जोड नीट लागायचा. थुंकीच्या ओलाव्याने उलट तांब्याच्या पट्ट्या गंजतात. बंदुकीच्या खेळासाठी जुना डबा टीव्ही लागतो, कारण ती बंदूक पडद्यावरच्या क्षणभराच्या उजेडाच्या ठिपक्यावर चालते आणि नव्या टीव्हीत तो उशिरा उमटतो. असा टीव्ही घरी उघडू नये. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार राहू शकतो.

सर्वांत मोठा धोका दिसायला सर्वांत लहान आहे. 'झेल्डा'सारख्या मूळ कॅसेटींत खेळ कुठवर आला ते जपण्यासाठी गोल चपटी बॅटरी असते. तीस-पस्तीस वर्षांनी ती संपते आणि संग्राहक घरीच बदलतात. काढलेली बॅटरी टेबलावर राहते, आणि घरात दोन-तीन वर्षांचे मूल असते. सीआर २०३२ या प्रकारची ही बॅटरी २० मिलिमीटर रुंद असते, म्हणजे लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमकी अडकेल एवढी. ओलाव्यात तिच्यातून प्रवाह वाहू लागतो, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. खेळासाठी 'संपलेली' बॅटरीही हे करू शकते. लाळ गळणे, खायला नको म्हणणे, खोकला, उलटी ही लक्षणे. कधी लक्षण काहीच नसते. उलटी करवू नये. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळता येत असेल आणि बॅटरी गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, पण मध शोधण्यात वेळ घालवू नये. ताबडतोब एक्स-रे काढावा आणि बॅटरी गिळल्याचा संशय आहे हे डॉक्टरांना आधी सांगावे, कारण एक्स-रेवर ती नाण्यासारखी दिसते. कडेला दुहेरी वर्तुळ दिसले तर ती बॅटरी. तशीच दुसरी घरात असेल तर सोबत न्यावी.